कंसातला एक विसरू नका

उर्दू माध्यमातून सातवी करून एक मुलगी हदगावात आमच्या आठवीच्या वर्गात आली. पहिल्या चाचणीत गणितात नापास झाली. तिची अम्मी शाळेत येऊन म्हणाली, "सर, हिला जमत नसेल तर घरीच बसवते. शिलाई तरी शिकेल."

आम्ही वही मागवली. 'सामाईक अवयव काढा' या प्रश्नाखाली जागा कोरी. आम्ही म्हणालो, "बेटा, मुश्तरक जुज़्व-ए-ज़रबी निकालो." तिने लगेच पेन उचलला. गणित येत होतं, शब्द अडला होता. हे विचारायला आम्हाला तीन महिने लागले, ही चूक आमची.

मग अम्मीलाही बसवून घेतलं. सातबाऱ्यावर 'सामाईक' असतं, म्हणजे ज्यात सगळ्यांचा वाटा. ईदला चार मुलांना प्रत्येकी ३०० रुपयांचा कुर्ता आणि ५० रुपयांची टोपी घ्यायची. हिशेब झाला ४ × ३०० + ४ × ५०. चार दोन्हीकडे आहे, तो बाहेर काढला : ४ × (३०० + ५०) = १४०० रुपये. अम्मी हसली, "एवढं तर आम्ही दुकानात उभ्या उभ्या करतो." बीजगणितात संख्येच्या जागी अक्षर येतं, रीत हीच.

एका ठिकाणी मात्र बहुतेक मुलं चुकतात. ५ × अ × अ + ५ × अ यातून ५ × अ बाहेर काढला. पहिल्या पदात अ उरला. दुसऱ्यात काहीच उरलं नाही असं समजून मुलं ५ × अ × (अ) लिहितात. इथे बाहेर काढणं म्हणजे वजा करणं नव्हे, भागणं. एखाद्या पदाला त्यानेच भागलं की १ उरतो. म्हणून उत्तर ५ × अ × (अ + १).

पडताळा सोपा आहे. अ = २ धरा. मूळ राशी २० + १० = ३०. कंसात १ असेल तर ५ × २ × ३ = ३०. तो विसरला तर उत्तर २०, म्हणजे दुसरं पद अख्खं गायब.

बहिणींनो, तुम्हाला बीजगणित येत नसेल तरी मुलांना उत्तर पुन्हा गुणून दाखवायला सांगा. आणि मार्क कमी पडले तर शाळा सोडवण्याआधी एवढं विचारा : प्रश्नातला कोणता शब्द कळला नाही?

ती मुलगी यंदा दहावीला आहे.