अडलेला बार

रहिमतपूर, कोरेगाव, पुसेगाव या पट्ट्यात संध्याकाळी कुठल्याही जिममध्ये डोकवा. दोन-तीन महिने एकाच वजनावर डेडलिफ्टचा बार अडलेला एखादा पठ्ठ्या भेटतोच. समजा १२० किलो. दर आठवड्याला तो त्याच १२०ला भिडतो, बाजूचे दोस्त ओरडतात, बार गुडघ्यापर्यंत येतो आणि धाडकन खाली. मग पुढच्या आठवड्याला पुन्हा तेच.

पोरांनो, आधी हे थांबवा. मॅक्स मारणं ही परीक्षा आहे, तो अभ्यास नव्हे. लावलेलं आलं दर आठवड्याला उकरून किती पोसलं ते बघणारा शेतकरी आपल्याकडे सापडायचा नाही. मग बारच्या बाबतीत एवढी घाई कशाला?

१२० निघत असेल तर दीड-दोन महिने ९० ते १०० किलोंवर काम करा. चार-पाच सेट, प्रत्येकात तीन ते पाच रेप, आणि सेट संपताना अजून दोन रेप निघतील एवढा दम शिल्लक. पहिल्या आठवड्यात हे फार हलकं वाटेल, वाटू द्या. दर चौथ्या आठवड्याला वजनही उतरवा आणि सेटही निम्म्यावर आणा. हा आठवडा सगळ्यांना जड जातो, कारण जिममध्ये येऊन कमी उचलायची लाज वाटते. पण ताकद वाढते ती विश्रांतीत.

आता आपल्या भागाची खरी गोम. पुण्या-मुंबईच्या ट्रेनरचा तक्ता मोबाइलवर उतरवून घेता, पण तो दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यासाठी लिहिलेला असतो. तुम्ही सकाळी भरतीसाठी १६०० मीटर पळता, गोळा फेकता, दुपारी युरियाची ४५ किलोंची पोती ट्रॉलीतून उतरवता, आणि संध्याकाळी डेडलिफ्टला उभे राहता. कंबरेला पोतं आणि बार यातला फरक कळत नाही, ओझं ते ओझंच. म्हणून वहीत नुसते किलो लिहू नका. त्या दिवशी शेतात काय केलं, किती पळालात, रात्री किती झोपलात, तेही लिहा. आल्याच्या काढणीत आठवड्याला एकच डेडलिफ्टचा दिवस ठेवला तर काही बिघडत नाही.

मग बार नेमका कुठं अडतो ते बघा. दोस्ताला बाजूने व्हिडिओ काढायला सांगा. जमिनीवरूनच उठत नसेल तर बहुतेकदा सुरुवात चुकलेली असते. बार पायाच्या मधोमध, नडगीपासून दोन बोटांवर हवा. पोटात श्वास भरून पोट घट्ट करा आणि लगेच हिसका देऊ नका. आधी बार हळूच ताणून घ्या. प्लेटच्या भोकात बारचा ‘टक्’ असा आवाज येतो, तेवढी ढिलाई निघाली की पायांनी जमीन दाबा. कंबर आधी वर आणि छाती मागून, असं होत असेल तर सगळा भार पाठीवर पडतो. गुडघ्याशी अडणाऱ्यांनी वजन उतरवून गुडघ्याच्या जरा खाली बार दोन सेकंद रोखून धरायचा सराव करावा. आणि गादीसारखे मऊ तळ असलेले पळायचे बूट काढून ठेवा, अनवाणी उचललेलं बरं.

खाण्यापिण्याचं फार सांगत नाही. वजनाच्या दर किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, म्हणजे ६५ किलोच्या गड्याला शंभरेक ग्रॅम. अंडी, दूध, मटकी, शेंगदाणे यांतून ते जमतं. मात्र ‘एक सुई घे, बार आपोआप उठेल’ म्हणणाऱ्याला हाकलून द्या. जिममध्ये फिरणारं मेफेंटरमाइन हे शस्त्रक्रियेत भूल दिलेल्या रुग्णाचा घसरलेला रक्तदाब वर आणायचं औषध आहे. त्याने ताकद वाढत नाही, हृदयाशी मात्र खेळ होतो. पाठीतून कळ पायात उतरत असेल किंवा पायाला मुंग्या येत असतील तर तेल चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

सांगलीच्या संकेत सरगरची २०२२ची बर्मिंगहॅमची लढत आठवते? राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात त्याने ११३ आणि १३५, मिळून २४८ किलो उचलले. पुढे १३९ला कोपर दुखावलं. मलेशियाच्या खेळाडूचे झाले २४९. सुवर्ण एका किलोने गेलं आणि रौप्य हाती आलं. तो खेळ वेगळा, त्यात डेडलिफ्ट नसते. पण त्या पातळीवर एकेका किलोसाठी झगडतात आणि आपण १२०वरून थेट १३०वर उडी मारतो, का तर रॅकवर पाचच्या खालची प्लेटच नाही!

तेव्हा जिमच्या मालकांनाही एक विनंती. आरसे, लाइट, साउंड सगळं झालं. आता सव्वा किलोच्या दोन जोड्या घ्या, आणि खडूच्या पावडरचा एक डबा ठेवा. लादी पुसावी लागते म्हणून खडूला बंदी घालू नका. तालमीत माती लावल्याशिवाय पकड घेत नाहीत, आणि इथं घामेजल्या हातातून बार निसटतो म्हणून पोरं समजतात, पाठच कमजोर आहे.