तीस मीटर फिल्म आणि सहा डब्या

परवा काकाने फोनवर विचारलं, "अजून त्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर पैसे घालवतोस का रे?" मी "हो" म्हटलं आणि विषय बदलला. पण प्रश्न डोक्यात राहिला. घालवतो खरा, पण कमी कसे घालवावेत याबद्दल माझी काही ठाम मतं झाली आहेत. ती इथे लिहून टाकतो, म्हणजे काकाला पुन्हा सांगायला नको.

आमच्या लहानपणी घरात रोल यायचा तो पूर्व जर्मनीतल्या ओर्वोचा, नाहीतर आपल्या उटीचा 'इंदू'. हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६० साली निघाली आणि १९६७ पासून माल बनवू लागली. 'इंदू'ला नावं ठेवणारे पुष्कळ होते. (आमचे बाबा त्यात पहिले.) पण फिल्म इथे बनत होती. आता तो कारखाना बंद आहे आणि जी मिळते ती सगळी बाहेरून येते. ट्राय-एक्स किंवा इल्फर्ड एचपी५ कॅमेऱ्यात घातली की शटरवर बोट अडखळतं. खरं नुकसान इथे होतं. महागडा रोल असला की आपण घाट, देवळं, पावसाळी ढग असले 'फोटोसारखे' फोटो काढत बसतो. आई ओट्याशी भाजी निवडतेय तो फोटो राहून जातो, कारण ती काय, रोजच निवडते.

उपाय जुनाच आहे. शंभर फूट, म्हणजे साडेतीस मीटरचं अख्खं रीळ घ्यायचं आणि घरी डब्या भरायच्या. ३५ मिमीच्या एका फोटोला मधल्या फटीसकट ३८ मिलिमीटर फिल्म लागते. पुढचं-मागचं शेपूट धरून ३६ फोटोंच्या रोलला साधारण १.६५ मीटर. म्हणजे एका रिळात अठरा रोल सहज. रीळ लोडरमध्ये अंधारात एकदा बसवलं की पुढचं काम दिव्याखाली होतं. पण डोळे मिटून घेऊ नका. ट्राय-एक्सच्या मोठ्या रिळाचा भाव कधीकधी असा असतो की सुट्या रोलपेक्षा काही वाचतच नाही. कुरिअर आणि कस्टम धरून दर रोलचा हिशोब आधी कागदावर मांडा. माझं मत विचाराल तर चेक प्रजासत्ताकातली फोमापॅन किंवा इल्फर्डवाल्याच हार्मनची केंटमियर घ्या आणि वर्षभर तीच वापरा. मुदत संपलेली, कुणाच्या कपाटातून निघालेली फिल्म फुकट मिळाली तरी घरच्या माणसांवर वापरू नका. ढगांवर वापरा.

आता डब्या. इथे मी शहाणपण विकत घेतलंय.

पहिल्यांदा मी झाकण दाबून बसवायच्या प्लास्टिकच्या डब्या घेतल्या. स्वस्त, हलक्या, कितीही वेळा वापरा म्हणे. त्या वर्षी सांगलीला आत्याकडे गेलो होतो. तिचे फोटो काढले: अंगणात, देवापाशी, पानाचा डबा मांडीवर घेऊन. रोल गुंडाळून बाहेर काढला आणि तो हातातून फरशीवर पडला. झाकण एकीकडे, फिल्म दुसरीकडे. मुठीत धरून न्हाणीघरात पळालो, पण बाहेरचे वेढे गेलेच. रोल गुंडाळल्यावर सुरुवातीचे फोटो बाहेरच्या बाजूला येतात, त्यामुळे अंगण आणि देव दोन्ही काळे. आतले पाच वाचले. अगदी शेवटचा तर डबी भरतानाच गेलेला असतो, कारण फिल्मचं टोक उजेडात चिकटवावं लागतं. त्यानंतर आत्याला भेटणं झालं नाही. दिवाळीच्या आधीच ती गेली.

तेव्हापासून मी नवीन डब्या विकत घेत नाही. फिल्म धुणाऱ्या लॅबवाल्याला सांगून ठेवलंय की रिकाम्या कॅसेट फेकू नको आणि कापताना दोन बोटं फिल्म बाहेर राहू दे. त्या टोकाला नवी फिल्म चिकटपट्टीने जोडायची आणि आत गुंडाळायची. कारखान्याने पक्की केलेली झाकणं उघडत नाहीत. ४०० ची फिल्म ४०० च्याच डबीत भरली तर बाहेरच्या डीएक्स खुणाही जुळतात. नाहीतर बिनखुणांची डबी बरेच कॅमेरे १०० ची समजतात आणि सगळा रोल दोन स्टॉप जास्त उजळतो. एक मात्र पाळा. तोंडाच्या मखमलीत वाळूचा कण अडकला की फिल्मवर पहिल्यापासून शेवटपर्यंत रेघ पडते. म्हणून मी प्रत्येक डबीवर भरल्याच्या काट्या मारतो आणि पाच झाल्या की टाकून देतो. कंजूसपणा इथे नको.

सध्या माझ्याकडे अशा सहा डब्या आहेत. गेल्या रिळातले निम्मे फोटो स्वयंपाकघरातले निघाले. त्यातल्या एकात आई चिडून "पुरे आता" म्हणतेय, आणि तो मला फार आवडतो. काका, पुढच्या महिन्यात तुझ्याकडे येतोय. दाढी करून बस.

आणि बाबा, ती काळी चिकटपट्टी तुम्हीच कुठेतरी ठेवली आहे. बघून ठेवा प्लीज, नवीन रीळ गुरुवारी येतंय.