नातवंडांचा पाळणा आणि बदलते नियम

आपल्या बडोद्यातल्या अनेक मराठी घरांतून दरवर्षी कोणी ना कोणी लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाते. बॅगेत डिंकाच्या लाडवांबरोबर जुन्या साड्यांची दुपटी, हाताने शिवलेली गोधडी आणि बाळाच्या डोक्याला छान आकार यावा म्हणून मोहरीची उशीही असते. तिथे गेल्यावर कळते की बाळाच्या बिछान्यात यातले काहीच ठेवायचे नाही. मग कुरबुर सुरू होते. "आम्ही काय मुले वाढवली नाहीत?" या प्रश्नाला सुनेकडे उत्तर असते, पण ते सांगायला वेळ आणि धीर नसतो. वरवर हा सासू-सुनेचा वाद दिसतो. त्यामागे पन्नास वर्षांचा कायद्याचा इतिहास आहे आणि तो आपण समजून घेतला तर वाद बराच निवळेल.

अमेरिकेत बाळाच्या क्रिबसाठी, म्हणजे कठड्याच्या लहान पलंगासाठी, केंद्र सरकारने १९७३ मध्ये पहिले मोठे नियम केले. दोन गजांमधले अंतर सव्वादोन इंचांच्या जरा वर, सुमारे ६ सेंटिमीटर, एवढेच असावे असे ठरले. फट त्याहून मोठी असेल तर बाळाचे अंग त्यातून सरकते आणि डोके मात्र अडकते. हे दुःख आधी अनेक घरांनी सोसले, नियम नंतर आला.

पुढे एक बाजू खाली सरकवता येणारे क्रिब घरोघर लोकप्रिय झाले. उंचीने लहान असलेल्या आईला किंवा आजीला बाळ उचलायला ते सोयीचे होते. पण सरकत्या बाजूचे खिळे-खटके ढिले झाले की बाजू आणि गादी यांच्यामध्ये फट पडायची आणि बाळ तिथे अडकायचे. २००० नंतरच्या दहा वर्षांत अशा क्रिबमुळे निदान ३२ बालके दगावली. अखेर ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने डिसेंबर २०१० मध्ये नवे नियम मंजूर केले. २८ जून २०११ पासून असे क्रिब बनवणे आणि विकणे बंद झाले. पाळणाघरे आणि हॉटेले यांना जुने क्रिब बदलण्यासाठी २८ डिसेंबर २०१२ पर्यंत मुदत मिळाली.

याची झळ कोणाला बसली? कायद्याने घरातला जुना क्रिब जप्त केला नाही. पण तो विकू नये, दान देऊ नये, कोणाला वापरायला देऊ नये, मोडूनच टाकावा, असे आयोगाने सांगितले. पहिल्या मुलासाठी घेतलेला महागडा क्रिब दुसऱ्या मुलाच्या वेळी कुचकामी ठरला. जुन्या वस्तूंवर संसार चालवणाऱ्यांना नवा घ्यावा लागला. लहान पाळणाघरांना एकदम मोठा खर्च आला. नियम कारखान्यासाठी लिहिला जातो, पण त्याच्या खर्चाचा वाटा घरालाही उचलावा लागतो, हे मान्य केले पाहिजे.

तरीही या नियमांची एक बाजू आपल्याला मोलाची वाटते. बाळाला काही झाले की आपल्याकडे पहिले बोट आईकडे जाते: तिचे लक्ष कुठे होते? अमेरिकेतल्या कायद्याने हा प्रश्न वस्तू बनवणाऱ्यालाही विचारला. फिशर-प्राइस कंपनीचे 'रॉक एन प्ले' हे उतरते झोपाळू आसन २००९ पासून विकले जात होते. एप्रिल २०१९ मध्ये सुमारे ४७ लाख आसने परत मागवली गेली, तेव्हा ३० हून अधिक बालमृत्यूंची नोंद झाली होती. उतारावर झोपलेल्या बाळाची मान पुढे झुकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडतो. आई शेजारी बसलेली असली तरी हे आवाज न होता घडू शकते. २०२२ मध्ये कायदा झाला आणि १२ नोव्हेंबर २०२२ पासून १० अंशांहून जास्त उताराची झोपण्याची साधने तसेच क्रिबच्या कडेने बांधायच्या जाड गाद्या यांवर बंदी आली.

"आमची चार मुले अशीच वाढली" हे खरेच आहे. पण हजारो घरांतून एखाद्या घरात घडणारी गोष्ट आपल्या एका घरातून दिसत नाही. देशभरची नोंद ठेवली तरच ती दिसते. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बाळाला उताणे झोपवण्याचा सल्ला दिला, १९९४ पासून त्याची देशभर मोहीम झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेतल्या आकस्मिक बालमृत्यूंचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. आजीच्या मायेत काही कमी नव्हते. तिच्यासमोर हे आकडे नव्हते, एवढेच.

आता आपल्याकडे वळू. संखेड्याचा लाखकाम केलेला पाळणा किंवा कापडी झोळीचे घोडियू आपल्यापैकी अनेकांच्या घरात पिढ्यान्पिढ्या आहे. आपल्या देशात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. पण पाळण्यावर टांगलेल्या चिमण्यांवर ते चिन्ह आहे म्हणून पाळणाही तपासलेला आहे, असे समजू नये. तो आपणच तपासायचा. गजांच्या फटीतून शीतपेयाचा डबा आत जात असेल तर फट मोठी आहे. गादी आणि कठडा यांच्यामध्ये दोन बोटे मावत असतील तर गादी लहान आहे. गादी सपाट आणि घट्ट हवी. उशी, गोधडी, मऊ खेळणी आत नकोत. झोळीत बाळ जागेपणी, कोणी समोर असताना खेळवावे. झोपेसाठी सपाट जागा बरी.

बारशाचा पाळणा यामुळे अडगळीत जाणार नाही. तो सजवावा, पाळणा म्हणावा, बाळाच्या कानात नाव सांगावे, फोटो काढावेत. आजीची गोधडी जमिनीवर अंथरून त्यावर बाळाला पालथे खेळवावे. रात्री मात्र बाळाला मोकळ्या, सपाट बिछान्यात उताणे झोपवावे. आणि परदेशी निघणाऱ्या आजी-आजोबांनी जाण्यापूर्वीच लेकीला किंवा सुनेला विचारावे, "तुमच्याकडे बाळाला झोपवायची काय पद्धत आहे?" एवढ्या एका प्रश्नाने पहिल्या आठवड्यातली निम्मी कुरबुर टळेल.