तिकीट स्वस्त आहे, पण फ्लाइट रद्द झाली तर?

मेच्या सुट्टीचा विषय निघाला की घरातले सगळे आपल्याकडे बघतात. रेल्वेचं रिझर्व्हेशन बाबा करतात, विमानाचं मात्र ‘तूच बघ, तुला कळतं त्यातलं’. मग आपण तीन-चार ॲप उघडतो, सगळ्यात कमी भाड्याची फ्लाइट वर आणतो आणि फॅमिली ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकतो. मित्रांबरोबर जाताना एवढं पुरतं. फ्लाइट बोंबलली तर एअरपोर्टवर पत्ते कुटत बसू, नाहीतर रात्रीची बस पकडू. पण सोबत गुडघे दुखणारी आजी आणि चार वर्षांचा मावसभाऊ असेल, तर हाच प्लॅन बी कोसळतो.

घरातून पहिला प्रश्न येतो तो सुरक्षेचा. स्वस्त विमान म्हणजे काहीतरी कमअस्सल, अशी आपल्याकडे अनेकांची समजूत आहे. पण वैमानिकाचं लायसन्स, विमानाची देखभाल आणि तपासणी यांचे डीजीसीएचे नियम स्वस्त आणि महाग कंपन्यांसाठी वेगळे नाहीत. पैसे वाचवले जातात ते दुसरीकडे. शक्यतो एकाच प्रकारची विमानं घ्यायची, म्हणजे ट्रेनिंग आणि सुटे भाग स्वस्त पडतात. सीट दाटीवाटीने बसवायच्या, खाण्याचे पैसे वेगळे घ्यायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, विमान जमिनीवर कमीत कमी वेळ उभं ठेवायचं. उतरल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास ते पुन्हा उडायला हवं.

गोम इथेच आहे. एकच विमान सकाळपासून रात्रीपर्यंत शहराशहरांतून फिरत असतं. सकाळी दिल्लीत धुक्यामुळे गेलेला तास दिवसभरात सहसा भरून निघत नाही, उलट वाढत जातो. म्हणून रात्री साडेनऊच्या फ्लाइटचं तिकीट सहाच्या फ्लाइटपेक्षा सातशे रुपयांनी कमी दिसलं, तरी घरच्यांबरोबर पहाटेची फ्लाइट परवडते. आजी चारला उठायला कुरकुरेल, पण नाहीतरी ती चारलाच उठते.

आता खरी भीती. २ मे २०२३ ला गो फर्स्ट या कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि ३ मेपासून तिची उड्डाणं थांबली. गोवा, श्रीनगर, लेह, पोर्ट ब्लेअर ही सुट्टीची ठिकाणं या कंपनीच्या नकाशावर ठळक होती आणि तिकिटं स्वस्त होती. इंजिनं वेळेवर मिळत नसल्यामुळे जवळपास निम्मी विमानं जमिनीवर उभी आहेत, असं कंपनीचं म्हणणं होतं. ऐन मे महिन्यात लोकांची तिकिटं कागदावरच राहिली. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली की वसुलीला कायद्यानेच स्थगिती मिळते, त्यामुळे रिफंड मागणारा प्रवासी बँका आणि इतर देणेकऱ्यांच्या लांबलचक रांगेत जाऊन उभा राहतो. गो फर्स्ट पुन्हा उडालीच नाही. जानेवारी २०२५ मध्ये तिच्या मालमत्तेच्या विक्रीचा आदेश निघाला. त्याआधी २०१२ मध्ये किंगफिशर आणि एप्रिल २०१९ मध्ये जेट थांबली होती. दोन्ही काही स्वस्तातल्या म्हणून ओळखल्या जात नव्हत्या, हेही लक्षात ठेवायला हवं.

मग उपाय काय, मोठ्या कंपनीचं तिकीट काढायचं? डिसेंबर २०२५ ने तोही भ्रम मोडला. वैमानिकांच्या ड्युटीचे नवे नियम टप्प्याटप्प्याने आले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्रीच्या लँडिंगवर कडक मर्यादा आली. दुसरा टप्पा १ नोव्हेंबरला लागू झाला. नियम येणार हे आधीपासून माहीत होतं, तरी देशातली सगळ्यात मोठी कंपनी इंडिगो तयार नव्हती. ५ डिसेंबरला एका दिवसात तिच्या हजारापेक्षा जास्त फ्लाइट रद्द झाल्या. देशातल्या दर तीन प्रवाशांपैकी जवळपास दोन ज्या कंपनीने उडतात तीच बसली, तर उरलेल्या कंपन्यांत जागा असणार तरी कुठून? भाडी इतकी भडकली, की सरकारला मर्यादा घालावी लागली. ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, हजारपर्यंत १२,०००, दीड हजारपर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,०००. पुणे-दिल्ली तिसऱ्या गटात मोडतं. म्हणजे पाच जणांच्या कुटुंबाला एका बाजूचे ७५,००० रुपये, तेही ‘नियंत्रित’ दराने आणि वरचे कर सोडून!

तरीही या दोन प्रकरणांत फरक आहे, आणि माझ्या मते तिकीट काढताना तोच उपयोगी पडतो. इंडिगोने प्रवाशांचे हाल केले, पण पैसे परत करायला तिच्याकडे पैसे होते. काही दिवसांत शेकडो कोटींचे रिफंड गेले. गो फर्स्टच्या प्रवाशांची फ्लाइट गेली आणि पैसेही अडकले. त्यामुळे ‘ही कंपनी स्वस्त का आहे’ एवढंच विचारून भागत नाही. कंपनीची विमानं उभी आहेत का, पगार थकलेत का, विमान भाड्याने देणाऱ्यांनी तिला कोर्टात खेचलंय का, हे बघायला दहा मिनिटं लागतात. बातम्या आपण तशाही स्क्रोल करत असतोच. अशी चिन्हं दिसत असतील, तर चार महिने आधी मिळणारं ‘अर्ली बर्ड’ तिकीट म्हणजे त्या कंपनीला आपण दिलेलं बिनव्याजी कर्ज आहे.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे त्याच मार्गावर त्या दिवशी त्या कंपनीच्या किती फ्लाइट आहेत. मुंबई-गोवा दिवसभरात अनेक असतात. एक रद्द झाली तर पुढचीत बसवता येतं. पण फ्लाइट आठवड्यातून तीनच दिवस असेल, तर ‘पर्यायी विमान’ या शब्दाचा अर्थ परवा असा होतो. छोट्या कंपन्यांच्या विरोधात मी अजिबात नाही. गोव्याच्या फ्लाय९१ ने मार्च २०२४ पासून छोटी एटीआर विमानं वापरून जळगाव, सोलापूरसारखी शहरं जोडायला घेतली, हे मोठंच काम आहे. फक्त अशा फ्लाइटने लग्नाच्या दिवशी सकाळी पोचायचा बेत आखू नये, आदल्या दिवशी पोचावं.

नुकसानभरपाईच्या नियमांवरही फार विसंबू नका. विमान वेळेत न कळवता रद्द झालं, तर डीजीसीएच्या नियमानुसार रिफंड किंवा पर्यायी फ्लाइट मिळते, शिवाय भरपाईही आहे. उड्डाण एक तासापर्यंतचं असेल तर ५,०००, दोन तासांपर्यंत ७,५००, त्याहून मोठं असेल तर १०,००० रुपये. ऐकायला झकास! पण नियमात पुढे म्हटलंय, की ही रक्कम किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते मिळेल. समजा, तुमचं मूळ भाडं इंधन शुल्कासह २,२०० आहे. भरपाई २,२०० च. आणि त्या दिवशी नवीन तिकीट ९,००० ला असेल, तर वरचे पैसे तुमचे. तिकीट जितकं स्वस्त, तितकं हे कवच पातळ. हवामान, संप किंवा हवाई वाहतूक नियंत्रणासारख्या कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांसाठी तर भरपाई नाहीच.

छुप्या खर्चांवर इतकं लिहिलं गेलंय, की सगळं सांगत बसत नाही. १५ किलोच्या चेक-इन बॅगेत आईचे लाडू-चिवड्याचे डबे मावत नाहीत, हे आपल्याला माहीत आहे. पण सीटबद्दल एक गोष्ट अनेक घरांत माहीत नसते. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई किंवा वडिलांपैकी निदान एकाजवळ जागा द्या, असं डीजीसीएने एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलंय. त्यामुळे मूल दूर बसेल या भीतीने लगेच सगळ्यांच्या सीट विकत घ्यायची गरज नाही. आजीला हा नियम लागू नाही, तिच्या शेजारची सीट घ्यायची तर घ्या. आणि कूपन वापरता यावं म्हणून कुटुंबाची तिकिटं दोन-तीन पीएनआरमध्ये तोडू नका. फ्लाइट बदलायची वेळ आली की अर्धं घर सकाळी आणि अर्धं रात्री, असंही होऊ शकतं.

गोव्याचंच बोलायचं तर विमानतळ कुठला तेही बघा. मोपा उत्तरेला पेडण्यात आहे. हॉटेल पाळोळे किंवा कोलव्याला असेल, तर पुढे बराच मोठा टॅक्सीप्रवास उरतो आणि गोव्यातल्या टॅक्सीचं भाडं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. दाबोळीचं तिकीट थोडं महाग असलं तरी एकूण हिशेबात ते स्वस्त पडू शकतं. दोन तास आधी पोचणं, बॅगांची वाट बघणं हे सगळं धरलं, तर मुंबई-मडगाव वंदे भारतचे साधारण पावणेआठ तासही फार वाटत नाहीत. पावसाळ्यात मात्र कोकण रेल्वेचा वेग कमी होतो, त्यामुळे हा हिशेब जूननंतर बदलतो. रेल्वेचं रिझर्व्हेशन आता फक्त ६० दिवस आधी उघडतं, म्हणून दोन्हींची तुलना त्याच सुमारास करावी.

माझं मत विचाराल तर जाताना पहाटेचं स्वस्त विमान घ्यावं, कारण पोचायला अर्धा दिवस उशीर झाला तरी सुट्टी आपल्याच हातात असते. येताना बाबांची ड्युटी किंवा आपली परीक्षा दुसऱ्या दिवशी असेल, तर ट्रेन किंवा जास्त फ्लाइट असलेली कंपनी बघावी. आणि बुकिंगमध्ये मोबाइल नंबर एजंटचा किंवा बाबांच्या बंद पडलेल्या सिमचा टाकू नका. संपर्काची नीट माहिती न दिलेल्या प्रवाशाला भरपाई द्यायची गरज नाही, असंही त्याच नियमात लिहिलंय.