सिंहस्थाची पश्चिमेकडची वाट

माननीय जिल्हाधिकारी, पालघर
यांस,

सिंहस्थ कुंभमेळ्याचं पहिलं अमृतस्नान 2 ऑगस्ट 2027 ला आहे. तयारीच्या बातम्या येतात त्या नाशिककडच्या. पालघर, सिल्वासाकडून त्र्यंबकला जाणारी वाट मात्र जव्हार-मोखाड्यातून तोरंगण घाट चढते, आणि तिच्यावरच्या लोकांचं आपसात फारसं पटत नाही.

पौष वद्य एकादशीच्या, त्र्यंबकच्या निवृत्तिनाथांच्या यात्रेचंच घ्या. दिंडीत कुणाचा नवस असतो, कुणाची वारी वडिलांपासूनची, एखादी बाई चार दिवस चूल सुटते म्हणून आलेली. पोरं टेम्पोवर कर्णे चढवतात. म्हातारे कुरकुरतात की टाळ ऐकू येईना. मागे नारायण नागबळीच्या विधीचा मुहूर्त गाठायला निघालेली गाडी हॉर्नवरचा हात काढत नाही. श्रावणात ब्रह्मगिरीच्या फेरीला निघालेल्यांत भाविक किती आणि दाभोशाचा धबधबा बघून पुढे सरकलेले किती, हे त्र्यंबकराजालाच ठाऊक. खरी भक्ती कोणाची, हा निवाडा आपण करू नये. पायी चालणाऱ्याला रस्त्याची कड मोकळी मिळते का, एवढं पाहावं. ऑगस्टात या घाटात धुकं उतरतं, समोरचा माणूस दिसत नाही.

याच रस्त्यावरच्या आणखी काही प्रवाशांना कोणी यात्रेकरू म्हणत नाही. दिवाळी सरली की इथली कातकरी, वारली, ठाकूर कुटुंबं पोरंबाळं, भांडीकुंडी घेऊन भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर उतरतात. पौषात दिंडी येते तेव्हा कित्येक पाडे ओस असतात. दिंडीसाठी पंगती बसतात. मजुरांच्या टेम्पोला कोणी थांबवून पाणीही विचारत नाही.

पाण्याचं तर विचारूच नका. मध्य वैतरणा धरण मोखाड्यात, पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांना टँकर! सिंहस्थाचा पर्वकाळ 2028 पर्यंत चालेल. मधल्या उन्हाळ्यांत भाविकांची सोय जरूर करा, पण पाड्याचा टँकर वळवून नको. बाहेरच्यांसाठी आमचं पाणी गेलं, असं एकदा लोकांच्या मनात बसलं, तर गावकरी आणि यात्रेकरू यांच्यातही ठिणगी पडेल.

आणि वाटेवर ज्या टाक्या, शौचालयं, निवारे उभे राहतील ते मेळा संपल्यावर उचलून नेऊ नका. भट्टीवर जाणाऱ्या बायांनाही ते लागतात.

आपला,
जव्हारचा एक रहिवासी