लेहला विमान सव्वा तासात पोहोचते, शरीराला दिवस लागतात

नवी दिल्ली : दिल्लीहून निघालेला प्रवासी सव्वा तासात सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेहला उतरतो. तेथील हवेत प्राणवायूचे प्रमाण दिल्लीइतकेच, २१ टक्क्यांच्या आसपास असते. कमी होतो तो हवेचा दाब, आणि त्यामुळे प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांशच प्राणवायू मिळतो.

शरीर तत्काळ श्वास आणि नाडी वाढवते. मात्र जलद श्वासाने कार्बन डायऑक्साइड घटून रक्त अल्कधर्मी होते. ते सावरण्यास मूत्रपिंडांना काही दिवस लागतात आणि तांबड्या पेशी पुरेशा वाढण्यास काही आठवडे. डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश हे त्रास याच अवधीतले. क्वचित फुफ्फुसातील रक्तवाहिन्यांचा दाब वाढून तेथे पाणी साचते. विश्रांती घेत असतानाही धाप लागणे ही त्याची खूण. असंबद्ध बोलणे किंवा तोल जाणे हे मेंदूला सूज आल्याचे लक्षण असू शकते. व्यायामाने कमावलेले शरीर यातून वाचवत नाही. उलट धडधाकट तरुणच उत्साहात घाई करतात.

हे ज्ञान भारतीय लष्कराने मोठी किंमत देऊन मिळवले. १९६२ च्या युद्धकाळात मैदानी भागांतून थेट उंचीवर नेलेल्या जवानांत हे आजार मोठ्या प्रमाणावर दिसले. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. आज लष्करात ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस आणि पुढील दोन टप्प्यांत प्रत्येकी चार दिवस सरावाचे असतात.

पर्यटकांच्या आठवडाभराच्या सहलीत एवढी सवड नसते. लेहमध्ये किमान ४८ तास विश्रांतीचा सल्ला दिला जातो, तो पाळणे प्रवाशावर सोडलेले असते. अमरनाथ यात्रेकरूला आरोग्य प्रमाणपत्र सक्तीचे आहे. लेहच्या विमान तिकिटाला तशी अट नाही.

खरी कसोटी मुक्कामाच्या उंचीची असते. खारदुंग ला ओलांडून गाठलेले नुब्रा खोरे लेहपेक्षा खाली आहे, पण पँगाँग सरोवराकाठची रात्र ४,२०० मीटरांहून उंचावर जाते. त्रास वाढल्यास खाली उतरणे हा मुख्य उपाय. पण लेहहून रस्त्याने श्रीनगरकडे जाताना आधी ४,१०८ मीटरचा फोटू ला चढावा लागतो आणि मनालीच्या वाटेवरील खिंडी त्याहून उंच आहेत. अशा वेळी रुग्णासाठी उरतो तो लेहमधील प्राणवायू आणि पुढचे विमान, तेही हवामानाने साथ दिली तर.