पाण्याला मीटर लागण्याआधी घरातल्या टाक्या तपासा. जळगाव-धुळ्यात ‘हवेचं बिल’ येऊ शकतं का?

जळगाव आणि धुळ्यात बहुतांश घरांची पाणीपट्टी नळाच्या आकारावर ठरते. अर्धा इंची नळ असेल तर वर्षाची ठरलेली रक्कम भरायची. मग पाणी मोजून वापरा किंवा अंगणात सोडून द्या. केंद्राच्या १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालेल्या ‘अमृत २.०’ योजनेत मात्र मीटर आणि चोवीस तास पाणी, या दोन्हींवर भर आहे. मीटर आलं की बिल लिटरवर येणार. केळीला रोज किती ठिबक सोडायचं, हे खान्देशातला शेतकरी तोंडपाठ सांगतो. घरात किती पाणी लागतं, हे फारसं कुणी मोजलेलं नाही.

हिशेब सोपा आहे. भूमिगत गटार असलेल्या शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटर हा केंद्राचा निकष. पाच जणांच्या घराला ६७५ लिटर, म्हणजे महिन्याला साधारण २० हजार लिटर. मीटरवर हे २० युनिट दिसतील. एक युनिट म्हणजे हजार लिटर.

नळातून हवा आली तर?

वाघूर भरल्याची बातमी येते, तरी जळगावात नळ रोज येत नाही. धुळ्याला तापी, अक्कलपाडा आणि नकाणे असे स्रोत असूनही उन्हाळ्यात आठ-आठ दिवस वाट पाहावी लागल्याचा अनुभव आहे. पाणी बंद असताना पाइप रिकामे होतात. पुन्हा पाणी सुटलं की आधी फुसफुसत हवा येते आणि पंखा असलेलं साधं मीटर हवेनेही फिरतं.

घरच्या १५ मीटर अर्धा इंची पाइपात जेमतेम तीन लिटर हवा मावते, त्याची चिंता नको. पण गल्लीतल्या चार इंची वाहिनीच्या १०० मीटरमध्ये सुमारे ८०० लिटर मावते. वाहिनीवर हवा काढणारे व्हॉल्व्ह नसतील, तर ती उंचावरच्या आणि टोकाच्या घरांच्या नळांतून बाहेर पडते. हे व्हॉल्व्ह बसवणं महापालिकेचं काम आहे, आणि मीटरचा अर्ज भरताना त्याबद्दल विचारायलाच हवं. पंखा नसलेल्या अल्ट्रासोनिक मीटरला हा त्रास कमी, पण ते महाग असतं.

साताऱ्यात कराडशेजारच्या मलकापूरने मीटर लावले ते चोवीस तास पाण्यासोबत. पाइप सतत भरलेला असेल तर मीटर चोख मोजतं. आठवड्याने पाणी देणाऱ्या शहरात मीटर आधी बसवणं म्हणजे आधी कळस, मग पाया.

घरात काय करायचं?

मीटरच्या पुढची गळती घरमालकाच्या खिशातून जाते. मिनिटाला फक्त अर्धा पेला, म्हणजे १०० मिलीलिटर पाणी फ्लशमधून गळत असेल, तर दिवसाला १४४ लिटर होतात. एका माणसाच्या निकषापेक्षा जास्त! ठरावीक पाणीपट्टीत हे कधी जाणवत नाही.

जमिनीतल्या टाकीची परीक्षा फुकटात होते. नळ येणार नसेल त्या रात्री मोटार बंद ठेवा, पाण्याच्या पातळीवर खडूने खूण करा आणि सकाळी पाहा. पातळी उतरली असेल तर टाकीला तडा आहे किंवा तळाचा पाइप गळतोय. रात्री-बेरात्री नळ येतो तिथे बॉल कॉक नीट बंद होतो का, हेही बघा; टाकी भरून वाहिलेलं पाणीही मीटरवर चढणारच.

दाब कमी म्हणून अनेक घरांत नळ खड्ड्यात उतरवलेला असतो. तिथेच मीटर बसवलं तर पावसाळ्यात चिखलात बुडेल आणि रीडिंग घेता येणार नाही. मीटर आडवं, झाकणाखाली, पण हात पोहोचेल असं हवं. नळाला थेट मोटार लावली असेल तर ती काढाच. ती बेकायदा तर आहेच, शिवाय वाहिनीतली हवाही ओढते.

भाडेकरू असलेल्या घरांचा प्रश्न वेगळा आहे. टप्प्यांचे दर लागू झाले आणि तीन कुटुंबांना एकच मीटर असेल, तर एकत्रित वापर सरळ महागड्या टप्प्यात जातो. कुटुंबांची संख्या नोंदवून घेतली जाईल की वेगळी नळजोडणी घ्यावी लागेल, हे आधीच लेखी विचारून घ्या. मीटर बसवलं त्या दिवशी त्याचा क्रमांक आणि पहिल्या रीडिंगचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. बिलावर तक्रार करायची वेळ आली तर तोच कामी येतो.